सरासरीचे फंक्शन: बेरीज सोपी, भागाकार अवघड

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या सत्रात सरासरीचे फंक्शन लिहिले नाही, असा विद्यार्थी सापडणे कठीण. लॅबच्या यादीत ते पहिल्या पाच-सहा प्रयोगांत कुठेतरी असते, दहा मिनिटांत होते, सर जर्नलवर सही करतात आणि पान उलटते. गणित तर शाळेतलेच आहे: सगळ्या संख्यांची बेरीज करा आणि संख्या जितक्या असतील तितक्याने भागा. या पाठात आपण तेच फंक्शन पुन्हा लिहिणार आहोत, फक्त जरा सावकाश. कारण हे फंक्शन मी स्वतः चुकवले आहे, आणि तेही विद्यार्थी असताना नव्हे, तर शिकवायला लागल्यावर. ती हकिकत पुढे येईल.

आधी लिपीबद्दल थोडे. या पाठातली मुख्य उदाहरणे पायथन ३ मधली आहेत, कारण अनेक अभ्यासक्रमांत आता पहिली भाषा हीच असते. जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे सी भाषेशी तुलना केली आहे. कोड इथे देवनागरीत छापला आहे. डेफ, फॉर, इन, इफ, रिटर्न, लेन हे पायथनचे स्वतःचे शब्द आहेत. ते आणि कोडमधले आकडे संगणकावर तुम्हाला रोमन लिपीत टाइप करावे लागतील. मात्र सरासरी, गुण, बेरीज ही आपण दिलेली नावे आहेत, आणि अशी नावे पायथन ३ देवनागरीतही स्वीकारते. करून पाहा. आणखी एक गंमत: इंट या फंक्शनला अवतरणचिन्हांत "४५" अशी देवनागरी अक्षरे दिली तर ते त्याचा अर्थ पंचेचाळीस असाच लावते. पण कोडमध्ये थेट ४५ लिहिलेत तर सिंटॅक्स एरर येते.

आता फंक्शन:

डेफ सरासरी(गुण):
    बेरीज = ०
    फॉर ग इन गुण:
        बेरीज = बेरीज + ग
    रिटर्न बेरीज / लेन(गुण)

पहिल्या ओळीत फंक्शनचे नाव आणि त्याला बाहेरून काय मिळणार हे सांगितले. गुण ही एक लिस्ट आहे. बेरीज शून्यापासून सुरू केली. पायथनमध्ये ही ओळ विसरलात तर फंक्शन चालवताच एरर येते आणि चूक लगेच कळते. सीमध्ये बेरीज हा चल नुसता जाहीर करून सोडला तर त्यात आधीपासून जो काही कचरा पडलेला असेल त्यावर बेरीज सुरू होते. एखाद्या संगणकावर तिथे योगायोगाने शून्य असते, म्हणून घरी बरोबर चाललेला प्रोग्रॅम लॅबमध्ये भलतेच उत्तर देतो. पुढे लूपमध्ये प्रत्येक गुण बेरजेत मिळवला आणि शेवटी भागाकार करून उत्तर परत पाठवले.

परत पाठवले, छापले नाही. नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी इथे असतात. रिटर्नच्या जागी प्रिंट लिहिले तरी स्क्रीनवर आकडा दिसतोच, त्यामुळे काम झाले असे वाटते. पण ती सरासरी दुसऱ्या हिशेबात वापरायला गेलात की हाती काहीच नसते: फंक्शनने नन परत केलेले असते, आणि ननमध्ये पाच मिळवता येत नाहीत. दुकानदाराने बिलाची रक्कम नुसती मोठ्याने सांगितली आणि कागद दिलाच नाही, तसे हे आहे.

दुसरी सवयीची चूक म्हणजे रिटर्न एक टॅब आत सरकणे. तसे झाले तर ते लूपचा भाग बनते आणि पहिल्याच फेरीत फंक्शन संपते. १२, १४, १६ यांची सरासरी १४ यायला हवी. ती ४ येते, कारण फक्त १२ ला ३ ने भागून फंक्शन मोकळे झाले. आणि ज्यांना लूपचा कंटाळा आहे ते १२ + १४ + १६ / ३ असे कंस न घालता लिहितात. भागाकार आधी होतो, उत्तर येते ३१.३३. तिन्ही संख्या सोळा किंवा त्याहून कमी आणि सरासरी एकतीस! इथून एक फुकटची चाचणी मिळते: सरासरी कधीही सर्वात लहान संख्येपेक्षा लहान किंवा सर्वात मोठीपेक्षा मोठी असू शकत नाही. उत्तर या कुंपणाबाहेर गेले की कोड चुकला आहे. (कुंपणाच्या आत असले म्हणून बरोबर आहे, असे मात्र नाही. ती हकिकत आता सांगतो.)

काही वर्षांपूर्वी मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तिथे अंतर्गत गुणांची पत्रके हाताने भरली जात. तीन घटक चाचण्या, प्रत्येकी २० गुणांच्या. तिन्हींची सरासरी काढायची, अपूर्णांक आला तर पुढचा पूर्णांक धरायचा, आणि असे ग्राह्य गुण ८ पेक्षा कमी भरले तर त्या विद्यार्थ्याला परीक्षेचा अर्ज भरता येणार नाही, असा नियम होता. जवळपास सव्वाशे विद्यार्थी. मी उत्साहाने सीमध्ये प्रोग्रॅम लिहिला, यादी छापली आणि सूचना फलकावर लावली.

दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी वहीचे पान घेऊन आली. तिचे गुण होते ८, ७ आणि ८. पानावर तिने भागाकार मांडला होता: २३ भागिले ३, भाग ७, बाकी २, मग दशांशचिन्ह आणि पुढे सहा, सहा. "सर, नियमाप्रमाणे माझे आठ होतात ना? यादीत सात आहेत."

मी यादी न बघता म्हणालो, "अगं, कॉम्प्युटरने काढलंय ते. चूक कशी असेल?"

ती गेली नाही. जरा थांबून म्हणाली, "पण सर, सगळ्यांच्याच सरासरीत पॉइंटनंतर दोन शून्यं कशी?"

मी फलकापाशी जाऊन पाहिले. ७.००, ११.००, १४.००, ९.००. सव्वाशे जणांमध्ये एकाचीही सरासरी अपूर्णांकात नव्हती. तीनने भागल्यावर हे शक्यच नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळेल. आणि मी ती यादी सही करून लावली होती. अर्जाची मुदत संपायला दोन दिवस होते. त्याच संध्याकाळी यादी बदलली आणि तिच्यासह सात जणांची नावे अपात्रांमधून निघाली. ती विचारायला आली नसती तर काय झाले असते, हे मला अजूनही आवडत नसलेले गणित आहे.

चूक एका कंसाची होती. मी लिहिले होते:

(फ्लोट) (बेरीज / संख्या)

लिहायला हवे होते:

(फ्लोट) बेरीज / संख्या

सी भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार केला की उत्तरही पूर्णांकच येते. अपूर्णांकाचा भाग जवळच्या संख्येकडे वळवला जात नाही, सरळ टाकून दिला जातो. २३ / ३ म्हणजे ७. माझ्या ओळीत कंसातला भागाकार आधी झाला, ७ उरले, आणि मग त्या सातला फ्लोट बनवले: ७.००. दूध नासल्यावर ते फ्रीजमध्ये ठेवण्यातला हा प्रकार. दुसऱ्या ओळीत बेरीज आधी फ्लोट होते, त्यामुळे भागाकारही फ्लोटमध्येच होतो आणि ७.६७ हाती लागतात. वाईट याचे की पुढच्या पूर्णांकाकडे नेणारे सील हे फंक्शन मी आठवणीने वापरले होते. पण त्याच्यापर्यंत अपूर्णांक पोहोचलाच नव्हता. सातचा पुढचा पूर्णांक सातच. आणि दोन दशांश स्थळांपर्यंत छापण्याच्या हौसेमुळे चुकीचे उत्तर अधिकच अचूक दिसत होते.

सीमध्ये हाच अपूर्णांक आणखी एका दारातून निसटतो. फंक्शनचा परतीचा प्रकार इंट ठेवला असेल, तर आतला हिशेब कितीही काळजीपूर्वक केला तरी बाहेर पडताना दशांशानंतरचे सगळे गळून पडते. कंपायलर बहुतेक वेळा तक्रारही करत नाही. म्हणून सीमध्ये सरासरीचे फंक्शन लिहिताना तीन जागा तपासा: भागाकार कोणत्या प्रकारात होतो, फंक्शन काय परत करते, आणि ते ज्या चलात ठेवले जाते तो चल कोणता.

पायथन ३ मध्ये ही अडचण नाही. तिथे / हे चिन्ह नेहमी खरा भागाकार करते आणि पूर्णांक भागाकार हवा असेल तर // असे दोनदा लिहावे लागते. पण जुन्या पायथन २ मध्ये / हे दोन पूर्णांकांना सीप्रमाणेच वागवत असे. नवशिक्यांचा यामुळे होणारा गोंधळ भाषेच्या रचनाकारांनाही मान्य होता. बदलाचा प्रस्ताव २००१ मधला आहे, आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ मध्ये तो कायम झाला. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, तरी त्या काळातल्या लॅब मॅन्युअल आजही हातोहात फिरतात. त्यातला कोड उतरवताना भागाकाराच्या चिन्हाकडे आधी बघा. ऋण संख्यांच्या बाबतीत तर आणखी एक फरक आहे: -७ ला २ ने भागताना सी -३ देते आणि पायथनचे // देते -४. लेहच्या जानेवारीतल्या तापमानांवर काम करणाऱ्याला हे माहीत असलेले बरे.

एखाद्या अंशाच्या कापणीने काय बिघडते, असे वाटत असेल तर कॅनडातल्या व्हँकूव्हर शेअर बाजाराचे उदाहरण पाहा. त्यांनी १९८२ च्या जानेवारीत एक नवा निर्देशांक १००० पासून सुरू केला. व्यवहार झाला की निर्देशांक नव्याने मोजायचा, आणि तीन दशांश स्थळांनंतर जे उरेल ते कापून टाकायचे, अशी रीत होती. प्रत्येक कापणीत सरासरीने जेमतेम अर्धा सहस्रांश जाई, पण अशा कापण्या दिवसाला हजारो होत, आणि सगळ्या एकाच दिशेने, खाली. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास पोहोचला होता. हिशेब दुरुस्त केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला. निम्म्याहून अधिक घट बाजारात झालेलीच नव्हती, ती फक्त कोडमध्ये झाली होती.

आतापर्यंत भागाकार कसा करायचा ते पाहिले. आता त्याहून अवघड प्रश्न: कशाने भागायचे?

इ.स. ११५० मधल्या लीलावतीत भास्कराचार्यांनी खातव्यवहार, म्हणजे खड्ड्यांचे गणित, सांगितले आहे. खड्डा सगळीकडे सारखा रुंद नसेल तर रुंदी अनेक ठिकाणी मोजा, त्या मापांची बेरीज करा आणि जितक्या ठिकाणी मोजले तितक्या संख्येने भागा. येणाऱ्या मापाला त्यांनी सममिति म्हटले आहे. लांबी आणि खोलीचेही तसेच. मला यातला "जितक्या ठिकाणी मोजले" हा भाग महत्त्वाचा वाटतो. जिथे मोजलेच नाही ती जागा भाजकात येत नाही.

आपल्या फंक्शनमध्ये लेन(गुण) हा भाजक आहे. तो लिस्टमध्ये किती खाने आहेत ते सांगतो. त्यातल्या किती खान्यांत खरे माप आहे, हे त्याला ठाऊक नसते. समजा एका विद्यार्थ्याला पहिल्या दोन चाचण्यांत १२ आणि १४ मिळाले आणि तिसऱ्या चाचणीला तो गैरहजर होता. काही पत्रकांत गैरहजेरीसाठी -१ लिहितात. तो आकडा तसाच बेरजेत गेला तर सरासरी ८.३३ येते. गैरहजेरी म्हणजे शून्य धरले तर ८.६७. ती चाचणी मोजलीच नाही तर १३. एकच विद्यार्थी, तीन उत्तरे. पहिले उत्तर उघड चूक आहे, कारण -१ हा गुण नसून खूण आहे. उरलेल्या दोनांपैकी बरोबर कोणते, हे पायथनला विचारून उपयोग नाही. विनाकारण गैरहजर राहणाऱ्याला शून्य आणि आजारपणाचे प्रमाणपत्र देणाऱ्याची चाचणी वगळायची, असा नियम विभागाने केलेला असू शकतो. कोड लिहिण्याआधी तो नियम विचारून घ्या आणि फंक्शनच्या वर एका ओळीत टिप्पणी म्हणून लिहून ठेवा.

"न दिलेली चाचणी वगळायची" असा नियम आहे असे समजू. न दिलेल्या चाचणीच्या जागी लिस्टमध्ये नन ठेवू:

डेफ सरासरी(गुण):
    बेरीज = ०
    हजर = ०
    फॉर ग इन गुण:
        इफ ग इज नॉट नन:
            बेरीज = बेरीज + ग
            हजर = हजर + १
    इफ हजर == ०:
        रिटर्न नन
    रिटर्न बेरीज / हजर

भाजक आता आपण स्वतः मोजतो आहोत. यातली "इफ ग इज नॉट नन" ही ओळ लांबलचक वाटते म्हणून बरेच जण तिथे नुसते "इफ ग" लिहितात. तसे करू नका. पायथनच्या लेखी शून्य आणि नन दोन्ही असत्यच. त्यामुळे ज्याने परीक्षा देऊन शून्य मिळवले त्याचीही चाचणी वगळली जाते. ०, १२, १२ यांची सरासरी ८ आहे. "इफ ग" लिहिलेत तर १२ येते, कुंपणाच्या आत आणि दिसायला अगदी शहाण्यासारखी. शून्य मिळणे आणि परीक्षाच न देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवणे हे फंक्शन लिहिणाऱ्याचे काम आहे.

आता शेवटचा इफ. सगळ्याच चाचण्या चुकलेल्या असतील, किंवा लिस्टच रिकामी आली, तर हजर शून्यच राहतो. बीजगणितात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या संख्येला खहर असे नाव दिले होते. पायथन त्याला झिरो डिव्हिजन एरर म्हणते आणि तिथेच थांबते. आपला प्रसंग तर अधिक अडचणीचा, कारण इथे वरही शून्य आणि खालीही शून्य. तुम्हाला मोह होईल की अशा वेळी शून्य परत करून टाकावे, म्हणजे प्रोग्रॅम थांबणार नाही. पण शून्य हे उत्तर आहे, आणि इथे उत्तरच नाही. म्हणून मी नन परत केले. पायथनसोबत येणाऱ्या स्टॅटिस्टिक्स मॉड्यूलमधले मीन हे फंक्शन रिकाम्या लिस्टला थेट एरर देते, तोही योग्यच निर्णय आहे. नन परत करणाऱ्याने ते वापरणाऱ्याला सांगायला हवे, एवढेच.

सीमध्ये हे कसे बिघडते ते पाहण्यासारखे आहे. पूर्णांकाला शून्याने भागले तर लिनक्सवर प्रोग्रॅम सहसा "फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन" असा संदेश देऊन कोसळतो, फ्लोटचा तिथे काहीही संबंध नसताना. तेच फ्लोटमध्ये केले तर प्रोग्रॅम कोसळत नाही, ०.० / ०.० चे उत्तर नॅन येते, म्हणजे "ही संख्याच नव्हे". आणि नॅन कशाहून लहान, मोठे किंवा कशाशी समान आहे का, असे विचारले तरी उत्तर असत्य येते. आता विचार करा: "सरासरी ८ पेक्षा कमी असेल तर नाव अपात्र यादीत टाका" असा इफ आहे. एकही चाचणी न दिलेल्याची सरासरी नॅन. नॅन ८ पेक्षा कमी आहे का? असत्य. नाव यादीत येत नाही. तिन्ही चाचण्या देऊन साडेसहा सरासरी असलेला अपात्र, आणि वर्गात पाऊलही न ठेवलेला पात्र!

सीमध्ये भाजक मोजण्याची आणखी एक फसवी रीत आहे. मेनमध्ये ॲरेचा साइझऑफ घेऊन त्याला एका घटकाच्या साइझऑफने भागले की घटकांची संख्या मिळते, हे पाहून विद्यार्थी तीच ओळ फंक्शनमध्ये नेतात. पण फंक्शनला ॲरे दिला की आत पोहोचतो फक्त त्याचा पत्ता. आजच्या ६४ बिट संगणकावर पत्ता सहसा ८ बाइटचा आणि इंट ४ बाइटचा, भागाकार २. ॲरेत तीन संख्या असोत की तीनशे, भाजक दोनच. संख्या वेगळे आर्ग्युमेंट म्हणून द्या.

भाजकाची चूक कोडबाहेरही होते. अ तुकडीत ६० विद्यार्थी, सरासरी ५०. ब तुकडीत २०, सरासरी ७०. दोन्ही मिळून सरासरी किती? आपले फंक्शन दोनदा वापरून आलेली उत्तरे पुन्हा त्याच फंक्शनला दिली तर ६० मिळतात. खरे उत्तर ५५: एकूण गुण ३००० अधिक १४००, एकूण विद्यार्थी ८०. फंक्शनची यात चूक नाही. त्याने दोन संख्यांची सरासरी बरोबर काढली. त्या दोन संख्यांमागे किती माणसे उभी होती, हे त्याला कुणी सांगितलेच नाही. सरासरी परत करताना सोबत हजर हा आकडाही परत केला तर असे जोडकाम नीट करता येते.

पूर्णांकात रूपांतर करण्याबद्दल थोडक्यात. पायथनचे राउंड हे फंक्शन बरोबर अर्ध्यावरच्या संख्येला जवळच्या सम पूर्णांकाकडे नेते. राउंड(७.५) चे उत्तर ८, आणि राउंड(८.५) चेही ८. शाळेत शिकलेल्या रीतीने दुसरे उत्तर ९ हवे. ही चूक नाही, मुद्दाम ठेवलेली पद्धत आहे, पण तुमच्या विद्यापीठाचा नियम बहुधा शाळेसारखाच असतो. बेरीज आणि भाजक दोन्ही धन पूर्णांक असतील तर फ्लोटला हातच लावू नका: (२ * बेरीज + हजर) // (२ * हजर) हे शाळेच्या रीतीने उत्तर देते. आणि माझ्या त्या नियमासाठी, म्हणजे पुढचाच पूर्णांक हवा असेल तर, (बेरीज + हजर - १) // हजर. २३ आणि ३ घालून पाहा: २५ // ३, म्हणजे ८. दुसरे असे की रूपांतर एकदाच, अगदी शेवटी करा. मधल्या प्रत्येक पायरीवर केले तर व्हँकूव्हरची गोष्ट तुमच्या गुणपत्रिकेत शिरते.

सरावासाठी चार गोष्टी देतो. पहिली: वरचे फंक्शन टाइप करा आणि चालवण्यापूर्वी या पाच लिस्टची उत्तरे वहीत हाताने काढा: ८, ७, ८, मग ०, १२, १२, मग १२, १४, नन, मग नुसते १५, आणि शेवटी रिकामी लिस्ट. वहीतले आणि स्क्रीनवरचे जुळते का पाहा. दुसरी: ०.१ ही संख्या लूपमध्ये दहा वेळा मिळवा आणि बेरीज छापा. बरोबर १ का येत नाही याचा शोध घ्या, आणि मग मॅथ मॉड्यूलमधले एफसम वापरून पाहा.

तिसरी गोष्ट फक्त दोन संख्यांच्या सरासरीची. बायनरी सर्चमध्ये मधली जागा काढताना (खालची + वरची) / २ लिहितात. जावाच्या प्रमाणित लायब्ररीत ही ओळ अनेक वर्षे होती; ती लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये ती चुकीची असल्याचे जाहीर केले. ३२ बिटच्या इंटमध्ये सर्वात मोठी संख्या २१४७४८३६४७ मावते. दोन्ही जागा मर्यादेत असूनही त्यांची बेरीज केव्हा मर्यादेबाहेर जाईल, आणि मग मधली जागा ऋण का येईल, ते कागदावर मांडा. बेरीज न करता मधली जागा कशी काढाल?

चौथी: संख्या एकेक करून येत आहेत आणि त्या साठवायला लिस्ट नाही. तुमच्याकडे फक्त आतापर्यंतची सरासरी आणि आतापर्यंतची संख्या आहे. नवा गुण आल्यावर नवी सरासरी काढणारे फंक्शन लिहा, आणि ते ८, ७, ८ वर चालवून ७.६७ येतात का ते पाहा. ७.०० आले तर कंस कुठे आहे ते बघा.